हजेरीची वही

सांगली
१९ नोव्हेंबर २०२३

तीर्थस्वरूप गुंडप्पामामा,
शरणु शरणार्थी.

दिवाळीत तुम्हाला चार वेळा फोन लावला. दोनदा उचललाच नाही. एकदा उचलून "हां, बरं हाय सगळं, अक्काला सांग" एवढंच म्हणालात, आणि चौथ्यांदा तर मी बोलत असतानाच ठेवून दिलात! आई म्हणाली, "माझा भाऊ पहिल्यापासनं असलाच. त्याला पत्र लिही, कागदाला तो कधी नाही म्हणत नाही." म्हणून हे पत्र.

काम असं आहे. आमच्या कॉलेजातल्या आम्ही चौघी शिक्षिका दर रविवारी डोंगर चालतो. दंडोबाचा डोंगर इतक्या वेळा पालथा घातला की तिथली कुत्रीसुद्धा आता भुंकत नाहीत. मी तिथं सारखं आपल्या येडशीच्या रानाचं आणि तुमचं कौतुक सांगत असते. माझे मामा तीस वर्षं वनखात्यात मजूर होते, रिटायर झाले तरी रोज पहाटे रानात जाऊन एका दगडावर डोळे मिटून बसतात आणि नुसत्या कानानं पाखरांची हजेरी घेतात, असं मी सांगितलं. केमिस्ट्रीच्या अक्षदा मॅडमना ते काही पटत नाही. "डोळे मिटून कसली पाखरं बघतात?" म्हणे.

मी नऊ वर्षांची असताना तुम्ही मला त्या दगडावर बसवून माझे डोळे हातानं झाकले होते. म्हणाला होतात, "डोळ्याला एक पाखरू घावतं तवर कानाला धा घावत्यात." तेव्हापासून मी तशीच पाखरं ऐकते. तर मामा, अक्षदा मॅडमना गार करायचंय. १० जानेवारीला मिरजेहून गाडीनं येतो, ११ ला वेळ अमावास्या, आपल्या शेतात येळवस करू आणि १२ च्या पहाटे रानात. चालेल ना?

तुमची,
रंजू (शिवरंजनी)

*

येडशी
३० नोव्हेंबर

चि. रंजू,
लई लई आशीर्वाद.

पत्र पोचलं. फोनचं म्हणशील तर इथला टावर बिनकामाचा हाय. त्यात तुम्ही आजकालची पोरं तोंडातल्या तोंडात पुटपुटता. पत्र कसं, सगळं नीट कळतंय आन दोनदा वाचता येतंय.

चौघी काय, चाळीस मास्तरणी आण! भज्जी, आंबील, उंडे, सगळं करून ठेवतो. त्या अक्षदाबाईला सांग, गुंडप्पा डोळे मिटून सांगंल की कोतवाल धावड्यावर हाय का सागावर. ह्या रानात मला फसवणारं पाखरू अजून जन्माला यायचंय.

पर आता तुला एक वाईट सांगतो. रान पहिल्यासारखं ऱ्हायलं न्हाय. पाखरं चालली. मी उगं बोलत न्हाय, अकरा वर्सांच्या अकरा वह्या हायत. तुझी मामी गेली ते तीन दिवस सोडले तर एक खाडा न्हाय. २०२० ला पहिल्यांदा फुलटोच्या गैरहजर लागला. म्हणलं येईल. आला न्हाय. त्याच्या म्होरल्या साली चष्मेवाला आन निखार गेले. मग शिंजीर. औंदा तर वटवट्या गेला, आन दिवाळीपासनं शिंपी बी न्हाय! जो परसात येऊन कान किटवायचा त्यो शिंपी! ऱ्हायलं कोण? भारद्वाज, होला, मोर, कावळे आन रामलिंगाच्या देवळातली वानरं.

हे कशानं झालं ते मला पक्कं ठावं हाय. ती रानातली पायवाट. रविवारी मान्सं येत्यात, मोबाईलवर गाणी लावत्यात, हसत्यात, खिदळत्यात. नाजूक पाखरं आधी गेली, दांडगी मागं ऱ्हायली. सरळ हिशोब हाय. म्हणून २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मी उभा ऱ्हाणार आन वह्या वाचणार. पायवाट चालणाऱ्यास्नी बंद करा असा ठराव करून वनखात्याकडं धाडायचा. सरपंच म्हणले, "गुंडप्पाअण्णा, तुम्ही म्हणताय म्हंजी खरंच असणार."

एकच बाई आडवी आली हाय, दगडाबाई. पायवाटंच्या तोंडाला पत्र्याचं शेड टाकून बचतगटाच्या सहा बाया चालणाऱ्यास्नी पिठलं-भाकरी घालत्यात, त्यांची ती म्होरकी. वाट बंद झाली की तिची चूल बंद. मला वाईट वाटतंय, पर रान मोठं का चूल मोठी? ती माझ्यावर एवढी पेटलीया की रस्त्यात दिसली की आरडाओरडाच करती. साधं "च्या घ्या" म्हणायचं तरी गावाला ऐकू जाईल असं वरडती. मी बी मान हलवून म्होरं जातो.

ये. तुला दाखवतो, सुनं रान कसं असतं ते.

तुझा मामा
गुंडप्पा

*

सांगली
९ डिसेंबर

मामा,
शरणार्थी.

तुमचं पत्र स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं. सगळ्या हळहळल्या. अक्षदा मॅडमसुद्धा. शिंजीर गेला? आपल्या रानातून? मला दोन दिवस काही सुचेना.

तुम्ही ग्रामसभेत उभे राहाच. मी तुमच्या बाजूनं आहे. आणि नुसतं बाजूनं नाही, गणिताची शिक्षिका आहे, काहीतरी उपयोग व्हायला हवा! सोबत एक मोठा तक्ता पाठवतेय. आडवी वर्षं, उभी पाखरं. ज्या साली जे पाखरू गेलं तिथून पुढं लाल रंग. लांबूनसुद्धा दिसेल. अकरा वह्या वाचायला लोकांना धीर नसतो, पण लाल रंग बघितला की गप्प बसतात.

दगडाबाईंचं मात्र मनाला लागलं. मी दहावीत असताना त्यांनीच मला रानात शेंगाचटणी आणि भाकरी खाऊ घातली होती. त्यांच्यासाठी दुसरं काही करता येईल का, तेही बघू. पण आधी रान, हे तुमचं बरोबर आहे.

आई विचारते, तुम्ही तिच्यावर रागावलात का? ती फोनवर काही विचारते आणि तुम्ही आपलंच बोलून ठेवून देता. मी म्हटलं, मामांचं डोकं सध्या रानात आहे.

रंजू

*

येडशी
२४ डिसेंबर

चि. रंजूस आशीर्वाद.

पोरी, काय तक्ता काढलास! म्या तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावून टाकला, सरपंचाच्या खुर्चीच्या मागं. येणारा-जाणारा थांबून बघतो. मास्तर मंडळींनी तर फोटो काढले. माझी भाची, सांगलीला गणित शिकवती, असं म्या प्रत्येकाला सांगितलं. आता ग्रामसभा म्हंजी नुसती सही करायची बाकी.

अक्कावर कशाला रागवू? तिला म्हणावं, तू धाडलेलं तेल गुडघ्याला लावतोय, उगं काळजी करत बसू नको.

आता नीट ऐक. मळकट कापडं घाला, लाल-पिवळं काय नको. अत्तर-बित्तर न्हाय. मोबाईल पिशवीत. येडशी टेसनावर मी सवता येतो. पाच वाजता उठायचं, कुरकुर चालणार न्हाय. पाखरं दिसली न्हाईत तरी तरस, लांडगा, नीलगाय ह्यांच्या खुणा दाखवतो. ते माझ्याकडं लागलं.

गुंडप्पा

*

सांगली
१३ जानेवारी २०२४

मामा,
शरणार्थी.

सुखरूप पोचलो. येळवसला तुम्ही एवढं खाऊ घातलंत की मिरज येईपर्यंत कुणी डबा उघडला नाही. शेतातल्या कडब्याच्या कोपीपुढं बसून आंबील पिताना अक्षदा मॅडम म्हणाल्या, "असा सण आमच्याकडं नाही, याचं वाईट वाटतंय."

रान फार सुंदर होतं. तरसाची ती पांढरी विष्ठा, ओढ्याच्या चिखलातला लांडग्याचा माग आणि पलीकडच्या उतारावरची नीलगाय! ती तर दुर्बिणीतूनही आम्हाला दिसेना आणि तुम्ही नुसत्या डोळ्यांनी तिचे कान हललेले सांगत होतात.

बाकी पुन्हा लिहीन. तब्येतीला जपा.

रंजू

*

सांगली
१५ जानेवारी, संक्रांत

मामा,

परवाचं पत्र फाडून टाका. त्यात खोटं काही नाही, पण खरं तेही नाही. मी भित्री आहे. तुमच्या तोंडावर बोलायला मला जमलं नाही, म्हणून आता स्पीड पोस्टानं लिहितेय. तिळगूळ सोबत आहे, तो आधी तोंडात टाका आणि मग वाचा.

शुक्रवारी पहाटे आपण पाच जण तुमच्या दगडापाशी बसलो. तुम्ही डोळे मिटलेत, आम्हीही मिटले. मामा, दहा मिनिटांत रान नुसतं चिवचिवाटानं भरून गेलं. वटवट्या दोन तरी होते, एकमेकांना उत्तर देत होते. शिंपी ओरडत होता. डोक्यावर धावड्यात चष्मेवाल्यांचा थवा कुजबुजत होता. मग मी डोळे उघडले. तुमच्यापासून चार हातांवर, घाणेरीच्या जाळीवर, एक शिंजीर बसून जीव तोडून गात होता. चार हातांवर!

तुम्ही डोळे उघडलेत, तोवर तो उडाला होता. आणि तुम्ही म्हणालात, "बघितलंस? सुनं पडलंय रान. एक बी न्हाय."

अक्षदा मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांना हातानं गप्प राहायला सांगितलं. परत येताना मी मागून तीन वेळा "मामा, थांबा" म्हणाले. तुम्ही चालतच राहिलात. खांद्याला हात लावल्यावर थांबलात. मला तेव्हा सगळं कळलं आणि तरी कळून घ्यायचं नव्हतं.

इथं आल्यावर मी तो तक्ता पुन्हा काढला आणि शेजारी वाजवायची पेटी घेऊन बसले. तुम्हीच बार्शीहून आणून दिलेली पेटी. फुलटोच्याचा आवाज म्हणजे पेटीच्या उजव्या टोकाची शेवटची पट्टी. तो पहिल्यांदा गेला. मग चष्मेवाला, निखार, त्याच्या अलीकडच्या पट्ट्या. मग शिंजीर. मग वटवट्या, शिंपी. अगदी ओळीनं, बारीक आवाजाकडून जाड आवाजाकडं. डावीकडचे भारद्वाज आणि होला राहिले. मामा, माणसांच्या गडबडीनं रान रिकामं झालं असतं तर ते असं पट्टीपट्टीनं झालं नसतं. वय झालं की माणसाचा कान मात्र असाच जातो. हे मला तक्ता काढतानाच दिसायला हवं होतं. गणित शिकवते म्हणून मिरवते आणि लाल रंग भरत बसले!

तुमच्या वह्या खोट्या नाहीत. तुम्ही जे ऐकलंत तेच लिहिलंत. पण २६ तारखेला तुम्ही उभे राहिलात आणि ठराव झाला, तर नसलेल्या कारणासाठी दगडाबाईंची चूल विझेल. आणि पुढं कधीतरी कुणीतरी म्हणेल की गुंडप्पाला ऐकूच येत नव्हतं. तुमच्याबद्दल असं कुणी बोललेलं मला सहन होणार नाही. म्हणून मीच आधी सांगतेय.

रागवा. पण एकदा, फक्त एकदा, डोळे उघडे ठेवून बसा. नीलगायीचे कान हललेले दिसतात ते डोळे आहेत तुमचे.

तुमच्या उत्तराची वाट बघतेय. फार जीव टांगणीला लागलाय.

रंजू

*

येडशी
२७ जानेवारी

चि. रंजू,

पत्र १८ ला मिळालं. तिळगूळ खाल्ला, पत्र वाचलं आन दोन दिवस तुझ्या नावानं बोटं मोडली. चुलीत घालणार हुतो पत्र. कालची पोरगी, मी जिला डोळे झाकून ऐकायला शिकवलं, ती मला भैरा म्हणती! अकरा वर्सांच्या वह्या एका पेटीवर खोट्या पाडती! असं लई काय काय बोललो. घरात ऐकायला कुणी न्हवतं ते बरं झालं.

तिसऱ्या दिवशी पहाटे दगडावर गेलो. तुला चूक ठरवायलाच गेलो हुतो, खोटं कशाला बोलू. डोळे उघडे ठिवले. अकरा वर्सांत पहिल्यांदा. लई अवघड गेलं बग, सवयीनं सारखे मिटायचे.

उजाडलं आन त्याच घाणेरीवर तो आला. शिंजीर. जांभळा, चकचकीत. चोच उघडी, गळा थरथरतोय, शेपूट उडतंय, सगळं अंग गातंय त्याचं. आन आवाज काय न्हाय. टीव्हीचा आवाज बंद केल्यावर बातम्या देणारी बाई दिसती ना, तसं. मी हात कानामागं धरला. न्हाय. मग वर बघितलं तर धावड्यात चष्मेवाले, मोजले, अकरा. झुडपात शिंपी टुणटुण उड्या मारतोय.

रंजू, मी त्या दगडावर बसून रडलो. कान गेला म्हणून न्हाय ग. आनंद झाला म्हणून रडलो! चार वर्सं म्या त्यास्नी मेलेलं धरलं, आन हे पठ्ठे रोज माझ्या डोक्यावर बसून गात हुते. रान भरलेलं हाय. भरलेलंच हुतं. ह्याच्याहून चांगली बातमी मला कुणी दिली न्हवती, आन मी ती देणारीला दोन दिवस शिव्या घातल्या.

येताना दगडाबाईच्या शेडात गेलो. ती लागली वरडायला. म्या इचारलं, "बाई, तू माझ्यावर वरडतीस ती भांडायला का मला ऐकू यावं म्हणून?" तिनं कपाळाला हात लावला. "आवं, गेल्या दसऱ्यापासनं घसा फाडतीया की! तुमाला भांडण वाटलं व्हय?"

म्हणलं, "मग सांगितलं का न्हाय?"

"तुमी बोलाय लागलं की दुसऱ्याला तोंड उघडाय जागा हाय का?"

"आन पाखरं वरडत्यात ते तरी सांगायचं!"

"मला काय त्यांची नावं ठावं हायत? तुमी म्हणला अमकं गेलं, तमकं गेलं. म्या म्हणलं, ही वरडणारी दुसरी कुणीतरी असतील. गुंडप्पाअण्णा चुकतील का?"

बग! माझ्यावर एवढा भरवसा की स्वतःची चूल विझायला लागली तरी बाईनं स्वतःच्या कानावर इस्वास ठिवला न्हाय. मला लाज वाटली. तिथंच दोन भाकरी खाल्ल्या आन पैलवानासारखा उठलो.

काल ग्रामसभा झाली. देवळापुढं ही गर्दी. सरपंचांनी माझं नाव पुकारलं ते मला कळलं न्हाय, दगडाबाईनं मागनं ढकललं तवा उठलो. तुझा तक्ता भिंतीवरनं काढून आणला हुता. लाल रंगावर बोट ठेवून एकेक नाव वाचलं. फुलटोच्या, चष्मेवाला, निखार, शिंजीर, वटवट्या, शिंपी. लोक चुकचुकाय लागले. दगडाबाई मान खाली घालून बसली हुती. मग मी म्हणलं, "मंडळी, ही सगळी हजर हायत. रोज हजर हुती. चार वर्सं गैरहजर मीच हुतो. माझा कान गेलाय, आन मी रानाला नाव ठिवलं. ठराव मागं घेतो."

कुणी हसंल असं वाटलं हुतं. कुणी हसलं न्हाय. सरपंच उठून जवळ आले आन माझ्या तोंडासमोर तोंड आणून, सावकाश म्हणले, "अण्णा, मग हजेरी कोण घेणार आता?" म्हणलं, "मीच घेणार! दुसऱ्या कुणाला येती का?" तवा मात्र सगळे हसले. वाटंवर मोबाईलची गाणी बंद, एवढा ठराव म्या करूनच घेतला. ते सोडत न्हाय मी.

तू भित्री न्हाईस. भित्री असतीस तर तेरा तारखेचं पत्र धाडूनच गप बसली असतीस. अक्काला सांग, मला ऐकू येत न्हाय, म्हणून फोन ठेवत हुतो, राग न्हाय. हे तिला आधी सांगायला हवं हुतं, पर मला सवतालाच सांगितलं न्हवतं. बुधवारी धाराशिवला कानाच्या डॉक्टरकडं जातोय. यंत्र देतील म्हणं. देऊ देत.

अकरा वह्यांतली शेवटच्या चार वर्सांची पानं म्या फाडली न्हाईत. नुसतं प्रत्येक गैरहजरच्या पुढं बारीक अक्षरात लिवायला घेतलंय, "ऐकू आला न्हाय." ते खरं हाय.

तुझा
मामा

*

पोस्टकार्ड
येडशी, ३ मार्च

रंजू, पळस फुललाय. यंत्र मिळालं. त्यात भांडी लई वाजत्यात, पाखरं तेवढी न्हाईत, पर दगडाबाईला आता वरडावं लागत न्हाय. ती पहाटे माझ्यासंगं दगडावर अर्धा तास बसती. ती ऐकून बोट दाखवती, मी बघून नाव सांगतो. सहा नावं पाठ झाली तिला, आन लई मिजास आलीया. आजची हजेरी, बाराव्या वहीतली:

वटवट्या - हजर (दगडाबाईच्या कानानं).
शिंपी - हजर (तिच्याच).
शिंजीर, जोडी - हजर (माझ्या डोळ्यानं).
चष्मेवाले - हजर, मोजता आले न्हाईत.
फुलटोच्या - चार वर्सांनी, वडाच्या बांडगुळावर, हजर.
गुंडप्पा - हजर.